वसंतातील हिमविहार

'वसंत' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? आंब्याचा मोहोर, काजूच्या बोंडांचा उग्र वास, शिमग्याचे ढोल, आणि दुपारच्या तासाला वर्गात हमखास येणारी पेंग. वसंताचा आणि हिमाचा काही संबंध असेल अशी शंकाही कोणास येत नाही. म्हणूनच भूगोलाच्या तासाला आम्ही एकदा सहज बोलून गेलो की, उंच पर्वतांवर हिमावरून घसरत जाण्याचा खेळ खेळणारी पुष्कळशी जाणती माणसे भर हिवाळा सोडून मुद्दाम वसंताची वाट पाहत बसतात, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, पण तोपर्यंत बर्फ वितळून जात नाही का?"

प्रश्न रास्त होता. इतक्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हतेच, हे मागाहून ध्यानात आले. म्हणून येथे देण्याचे योजिले आहे. एका वाक्यात सांगावयाचे तर, बर्फ वितळतो हे खरे, आणि वितळतो म्हणूनच ती माणसे थांबलेली असतात.

आम्ही काही हिमाच्या देशातले नव्हे. आमच्या घरच्या कोंकणीत 'हींव' हा शब्द आहे. तो संस्कृत 'हिम' शब्दापासूनच आलेला; परंतु त्याचा अर्थ केवळ थंडी. मराठीतील 'हिवाळा' आणि 'हिवताप' ही त्याचीच भावंडे. शब्द तेवढा आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचला, पदार्थ वाटेतच वितळला! प्रत्यक्ष हिम आम्ही आयुष्यात एकदाच पाहिले आहे, तेही विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर, मे महिन्यात, मनालीच्या वरच्या रोहतांग घाटात. हा घाट सुमारे तेरा हजार फुटांवर आहे. चित्रे पाहून आमची समजूत अशी झालेली की, हिम म्हणजे पिंजलेला कापूस. सकाळी लवकर पोचलो तेव्हा ते काचेसारखे कठीण होते. त्यावर पाऊल टाकताच आमच्यातील एक धिप्पाड विद्यार्थी, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण त्याला सावरावयास गेलेले त्याचे शिक्षकही, सपशेल आडवे झाले. साडेनऊच्या सुमारास तेच हिम वरवर मऊ झाले. ओंजळीत घेऊन पाहिले तो कापूस नव्हेच. मिठागरातील जाड्या मिठासारखे टपोरे, ओलसर, सुटे सुटे दाणे. बारा वाजता त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागले. एकाच सकाळी, एकाच ठिकाणी, तीन निरनिराळे पदार्थ आम्ही पाहिले. त्यांतला मधला, तो दाणेदार, जेमतेम दीड-दोन तास टिकणारा, हाच वसंतातील हिमविहाराचा प्राण होय.

विषय नीट समजावा म्हणून आपण एकच पर्वत घेऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, कॅस्केड पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाजवळ, शास्ता नावाचा एक ज्वालामुखी आहे. उंची १४,१७९ फूट, म्हणजे सुमारे ४,३२२ मीटर. आजूबाजूस त्याच्या तोडीचे दुसरे शिखर नसल्यामुळे तो मैदानातून एकाएकी उठल्यासारखा, एकटा दिसतो. त्याचा शेवटचा ज्ञात उद्रेक सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी झाला. (जुन्या पुस्तकांतून १७८६ हे साल आढळते, भूशास्त्रज्ञ आता ते ग्राह्य धरीत नाहीत.) पर्वत अद्याप पुरता थंड झालेला नाही. शिखरापासून थोड्याच अंतरावर गंधकाचे उष्ण झरे आहेत आणि तेथील भेगांतून सतत वाफ निघत असते. वाचकांनी हे झरे ध्यानात ठेवावेत; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे या पर्वतावर आपटतात आणि हिवाळाभर त्यावर हिम ओततात. ओततात म्हटले ते अतिशयोक्तीने नव्हे. १९५९ सालच्या फेब्रुवारीत, १३ तारखेपासून १९ तारखेपर्यंत चाललेल्या एकाच वादळात, शास्ताच्या उतारावरील नोंदणीच्या जागी १८९ इंच हिम पडले. म्हणजे पावणेसोळा फूट. आमची कौलारू शाळा त्यात पागोळ्यांच्याही वर गडप झाली असती. ही नोंद ज्या ठिकाणी झाली तेथे त्याच वर्षी हिमविहाराचे एक केंद्र सुरू झाले होते. माणसांना उतारावर नेऊन सोडण्यासाठी दोरावरच्या खुर्च्यांची सोय तेथे होती. १९७८ सालच्या जानेवारीत एक प्रचंड हिमलोट आला आणि त्याने ती वरची सोय मोडून टाकली. केंद्र बंद पडले ते पडलेच. पुढे १९८५ साली नवे केंद्र निघाले, ते मुख्य पर्वत सोडून पुष्कळ खालच्या उतारावर. पर्वताचा वरचा भाग १९८४ पासून राखीव अरण्य म्हणून संरक्षित आहे. तेथे यंत्र नाही, खुर्ची नाही, रुळाने दाबून सपाट केलेली वाट नाही. ज्याला वरून घसरत यावयाचे असेल त्याने आधी आपल्या पायांनी वर चढावे, हा तेथील नियम. या प्रकाराला आम्ही आडरानातील हिमविहार म्हणू.

यासाठी जे साधन लागते त्याला 'स्की' म्हणतात. हा शब्द मूळ नॉर्वेतला. लाकडाची फाळलेली पट्टी असा त्याचा जुना अर्थ. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात माणसे लोटली त्या काळापासून तेथल्या डोंगरांतून स्की वापरात आहेत. जॉन थॉम्पसन नावाचा नॉर्वेजियन जन्माचा एक गृहस्थ १८५६ पासून कितीएक हिवाळे पाठीवर टपालाची पिशवी घेऊन स्कींवरून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडीत असे. परंतु घसरणारी वस्तू पायांत बांधून माणूस चढतो कसा? युक्ती सोपी आहे. गाईच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवा, तो सुळकन जातो; उलट फिरवा, केस आडवे येतात. पूर्वी स्कीच्या तळाशी सील नावाच्या जलचराचे कातडे याच हेतूने बांधीत. आता तशाच लवीच्या, नायलॉनच्या किंवा लोकरीच्या पट्ट्या चिकटवतात. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी ठेवतात, माथ्यावर पोचल्यावर पट्ट्या सोलून काढतात आणि टाच जखडून टाकतात. उतार फारच उभा झाला तर स्की पाठीवर, बुटांखाली लोखंडी दातांचे सांगाडे आणि हाती हिमकुऱ्हाड, असा चढ असतो.

आता दाण्यांकडे वळू. लेखाचा गाभा हा आहे.

आकाशातून पडणारा हिमकण षट्कोनी, सहा नाजूक हातांचा असतो. हिवाळ्यात असे कण थरावर थर साचतात. एका वादळाचा थर हलका, दुसऱ्याचा जड. कोठे वाऱ्याने दाबलेला, कोठे भुसभुशीत. थरांची एकमेकांशी पकड सारखी नसते, म्हणून हिवाळ्यातील हिम हे बेभरवशाचे असते. वरचा थर खालच्या कच्च्या थरावरून केव्हा निसटेल ते वरून पाहून सांगता येत नाही. वसंत आला की सूर्य उंच चढू लागतो आणि वितळलेले पाणी वरून खाली झिरपते. काही आठवड्यांत हिमाचा सारा साठा, वरपासून जमिनीपर्यंत, शून्य अंशावर येतो. थरांमधील जुने भेद पुसट होतात. ही हिमाची जणू प्रौढावस्था म्हणावी.

या अवस्थेत दिवसा काय होते ते पाहा. पृष्ठभागावरील कण वितळू लागतात आणि उरलेल्या कणांभोवती पाण्याची पातळ त्वचा तयार होते. या पाण्यात लहान-मोठे कण शेजारी शेजारी बसलेले असतात. लहान कणाची पाठ अधिक वाकडी. अधिक वाकड्या पृष्ठभागाचा बर्फ किंचित कमी तापमानालाच वितळतो, हा निसर्गाचा नियम आहे. फरक अगदी अल्प, परंतु तो पुरतो. मोठ्या कणाकडून लहान कणाकडे उष्णता जाते, लहान वितळतो, आणि त्याचे पाणी मोठ्यावर गोठून बसते. आपल्याकडे याला मात्स्यन्याय म्हणतात. चार-सहा दिवसांत नाजूक सहा हातांचा मागमूस राहत नाही आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, कधी त्याहूनही मोठे, गोल दाणे शिल्लक राहतात. इंग्रजीत अशा हिमाला 'कॉर्न स्नो' म्हणतात. येथे 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, नुसता दाणा. मीठ घालून मुरवलेल्या मांसाच्या नावात तो शब्द येतो, तेथेही मिठाचा खडा याच अर्थाने. मिठागराची आठवण केवळ आम्हांलाच झाली असे नव्हे, याचे आम्हांस समाधान वाटले.

रात्री उलटा व्यवहार होतो. दाण्यांमधील पाणी गोठते आणि दाणे एकमेकांस सिमेंटाने जोडल्यासारखे पक्के होतात. याचे प्रत्यंतर ज्याला पाहावयाचे असेल त्याने सकाळी मासळीबाजारात जावे. आदल्या संध्याकाळी पेटीत भरलेला बर्फाचा चुरा रात्रीतून एकजीव होऊन त्याची शिळा झालेली असते, आणि म्हावरे विकणारी बाई ती फोडण्यासाठी दगड शोधीत असते. जत्रेतील बर्फाचा गोळा काडीभोवती दाबला की बसतो, त्याच्या मुळाशीही कणांचा हाच एकमेकांस चिकटण्याचा गुण आहे. शास्ताच्या उतारावर पहाटे अशीच एक शिळा पसरलेली असते, फक्त ती हजारो फूट लांब असते.

सूर्य वर आला की शिळा वरून सुटू लागते. येथे निसर्गाची एक कृपा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तितकेच गार पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. शिवाय हिम पांढरे असल्यामुळे पडणाऱ्या उन्हातील निम्म्याहून अधिक ते परत फेकते. म्हणून सारे एकदम वितळत नाही. प्रथम वरचे बोटभर जाडीचे दाणे सुटे होतात आणि खाली टणक फरशी तशीच राहते. या बोटभर मऊ थरात स्कीची कड हवी तशी रुतते, हवी तेव्हा सुटते. नवशिक्याला वळणे साधतात आणि जाणत्याला आपण फार जाणते आहोत असा भास होतो. तासा-दीड तासाने ओल खोल जाते, फरशी कुजते आणि मौज संपते.

मौजच तेवढी संपत असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. या घटकेच्या अलीकडे एक संकट आहे आणि पलीकडे दुसरे. आधी निघाल तर उतार काचेचा असतो. पस्तीस अंशांच्या गोठलेल्या उतारावर तोल गेलेला माणूस थांबत नाही. त्याचा वेग वाढतच जातो आणि खाली खडक असतील तर पुढचे सांगावयास नको. उशिरा निघाल तर पाण्याने जड झालेले हिम माणसाच्या वजनाने सुटते. एका बिंदूपासून सुरुवात होते, खाली पंख्यासारखे पसरत जाते, आणि वाटेतील सर्व काही घेऊन जाते. ओल्या हिमाचा लोट कोरड्याइतका वेगवान नसतो, परंतु थांबला की काँक्रीटासारखा घट्ट बसतो. आत सापडलेल्यास बोटही हलविता येत नाही. अशा माणसास दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो बहुधा वाचतो. अर्धा तास गेला की आशा फार थोडी उरते. मदत खालच्या गावातून येईपर्यंत हा अवधी केव्हाच उलटलेला असतो, म्हणून सोबत्यांनीच काढावयाचे असते. त्यासाठी प्रत्येकाच्या छातीशी ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारे एक लहान यंत्र, पाठीवर चाचपण्याची लांब घडीची काठी आणि एक फावडे असते. तिघांचे सामान तिघांनी वाटून घेतले आणि फावडे नेमके गाडल्या गेलेल्याच्याच पाठीवर राहिले, तर? म्हणून प्रत्येकाजवळ तिन्ही.

तेव्हा हा मुहूर्त आहे. पंचांगात तो सापडत नाही; आदल्या रात्रीच्या आकाशात सापडतो.

आपल्याकडे पौष-माघात दंव केव्हा पडते? आकाश निरभ्र असेल त्या रात्री. ढग असले की पहाट उबदार आणि गवत कोरडे. जमीन दिवसा घेतलेली उष्णता रात्री अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडीत असते. ढग त्यांतील बरीच परत पाठवितात. निरभ्र आकाश पाठवीत नाही. या कामात हिमाचा हातखंडा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत पांढरेशुभ्र असणारे हिम त्या अदृश्य उष्णताकिरणांच्या बाबतीत जवळजवळ काजळासारखे वागते, म्हणजे ते मुक्तहस्ताने बाहेर टाकते. त्यामुळे कोरड्या, निरभ्र रात्री हवेचे तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असले तरी हिमाचा पृष्ठभाग गोठू शकतो. उलट, ढगाळ रात्री तो गोठत नाही. सकाळ उजाडते ती कुजलेल्या फरशीवर, आणि त्या दिवशी मुहूर्तच नसतो. अनुभवी माणसे रात्री तंबूतून डोके बाहेर काढतात ती ताऱ्यांचे सौंदर्य पाहण्यासाठी नव्हे. तारे आहेत की नाहीत एवढेच त्यांना पाहावयाचे असते.

दुसरे गणित दिशांचे. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, मग दक्षिणेकडचा, शेवटी पश्चिमेकडचा. उत्तरेकडच्या उतारावर हिवाळा आणखी काही आठवडे रेंगाळतो, कारण हा पर्वत सुमारे ४१ उत्तर अक्षांशावर आहे आणि सूर्य तेथे नेहमी दक्षिणेच्याच अंगाने जातो. शास्तावर पूर्वेच्या बाजूची हॉटलम आणि विंटन या हिमनद्यांमधली वाट सकाळी लवकर पक्व होते. सर्वांत रहदारीची वाट नैर्ऋत्येच्या अंगाची; तिचे नावच हिमलोटाची घळ, ॲव्हलांच गल्च. तिला थोडा वेळ लागतो. या घळीत हिमनदी नाही, म्हणून हिमनद्यांतील खोल भेगांचे भय नाही. नावातील भय मात्र खरे आहे.

या घळीतून चढणाऱ्याचा दिवस मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होतो. मोटारीने सुमारे ६,९५० फुटांवरील बनी फ्लॅटपर्यंत जाता येते. तेथून ७,९०० फुटांच्या आसपास हॉर्स कॅम्प येथे एक दगडी निवारा लागतो. सिएरा क्लब या संस्थेने तो १९२३ साली खुला केला. त्याच्या वर, सुमारे १०,४०० फुटांवर, हेलन लेक. हे नावाचे सरोवर बहुधा हिमाखालीच असते आणि त्यावर लोक तंबू ठोकतात. दहा हजार फुटांच्या वर जाण्यास परवाना घ्यावा लागतो. (माणसाने वर केलेली घाणही पिशवीत भरून त्याने स्वतःच खाली आणावयाची, असा तेथे नियम आहे. आमच्या सहलींच्या ठिकाणी तो लागू झाला तर काय बहार होईल!) हेलन लेकहून पहाटे दोन-तीनला निघून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, सुमारे अडीच हजार फुटांचा उभा चढ चढावयाचा. माथ्यावर रेड बँक्स नावाची तांबड्या ज्वालामुखी खडकांची भिंत आहे.

ही भिंत घड्याळाचा आणखी एक काटा आहे. तिचे सैल दगड रात्रीच्या बर्फाने जागच्या जागी जखडलेले असतात. ऊन लागले की जखड सुटते आणि दगड घळीतून खाली येऊ लागतात. म्हणून चढणाराने ही जागा सकाळीच ओलांडलेली असावी. तिच्या वर मिझरी हिल, म्हणजे दैन्याची टेकडी, लागते. चढून गेल्यावर हाच माथा असे वाटते, आणि तो नसतो. तोपर्यंत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. चार पावले टाकावीत आणि उभे राहावे, अशी गत होते. मग एक सपाटी, ते गंधकाचे झरे, आणि अखेर शिखराचा सुळका.

वर पोचल्यावर काय करावयाचे? घड्याळ पाहावयाचे. ज्याने पाहिले नाही त्याची एक गोष्ट आहे आणि ती खरी आहे.

१८७५ सालच्या एप्रिलच्या ३० तारखेस जॉन म्यूर हा निसर्गाभ्यासक, जेरोम फे नावाच्या वाटाड्यासह, याच पर्वतावर पायी चढला. (सिएरा क्लबचा हाच पुढे संस्थापक झाला, त्या वेळी तो सदतीस वर्षांचा, म्हणजे जवळजवळ आमच्या वयाचा होता.) काम होते वायुभारमापकाच्या वाचनांचे, त्यांवरून पर्वताची उंची ठरवावयाची होती. सकाळ सुरेख होती. दुपारी ढग जमू लागले. फे पुन्हा पुन्हा कड्यावरून खाली वाकून पाही आणि काळजीने म्हणे की आता निघालो नाही तर रात्र वरच काढावी लागेल. म्यूरला स्वतःलाही ते कळत होते. परंतु वाचने पुरी करण्याची ओढ अधिक बळकट ठरली. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि आपला दोष इतक्या सरळपणे सांगणारा माणूस आम्हांला फार मोठा वाटतो.

वादळ आले ते विजांसह, गारांसह आणि हिमासह. तापमान पाहता पाहता कोसळले. खाली उतरण्याची अरुंद धार वाऱ्यात आणि अंधारात ओलांडणे अशक्य आहे असे फेने ठरविले. मग ते दोघे मागे फिरले आणि त्या उष्ण झऱ्यांच्या जागी येऊन वाफाळणाऱ्या चिखलात पाठ टेकून पडून राहिले. खालून पाठ भाजत होती, वरून छाती गोठत होती. एका कुशीची आग असह्य झाली की दुसरी कूस, एवढाच पालट. वाफेबरोबर विषारी वायूही येत होता, म्हणून झोप लागू द्यावयाची नाही. एकमेकांना हाका मारीत राहावयाचे. मध्येच वादळ निवळले आणि तारे दिसू लागले, तरी पहाट दूर होती. सकाळी गोठून ताठ झालेल्या कपड्यांनिशी ते धडपडत खाली आले. म्यूरच्या पायांना हिमबाधा झाली होती. ज्वालामुखी पुरता विझलेला असता तर ही हकीकत सांगावयास दोघांपैकी कोणी उरते की नाही, शंकाच आहे.

हल्ली या वाटेने जाणारी शहाणी मंडळी परतीची वेळ खालीच ठरवितात. शिखर शंभर पावलांवर असो, ठरलेला ठोका पडला की माघार. शिखरावर टोपीसारखा, भिंगाच्या आकाराचा ढग बसला तर वर वारा बेफाम आहे असे समजून चढाई सुरूच करीत नाहीत. खालच्या गावी वनखात्याचे हिमलोट-केंद्र आहे. ते हिवाळ्यात व वसंतात हिमाची पाहणी करून इशारे प्रसिद्ध करते. आमच्या मते या खेळाचे अर्धे कौशल्य अशा माघारीतच आहे, पण चित्रांत ते दिसत नाही.

आणि उतरणी? तिच्यात एक मजेदार अडचण आहे. माथ्यापासून बनी फ्लॅटपर्यंत सात हजार फुटांहून अधिक उतार आहे. म्हणजे आपले कळसूबाई, पायथा समुद्रात ठेवून मोजले तरी, त्यात बुडून वर पाव डोंगर उरावा. इतक्या उंचीत वरचे हवामान आणि खालचे हवामान एक नसते. खाली हिम मऊ होऊन कुजण्याच्या बेतात असते तेव्हा वर अजून काच असते. मुहूर्त पायथ्याकडून माथ्याकडे चढत असतो, आणि माणसाला तर माथ्याकडून पायथ्याकडे यावयाचे असते. दोघांची गाठ मध्यावर, घळीच्या सर्वांत उभ्या भागात पडावी, असा हिशोब करून निघावे लागते. माथ्यावरचा थोडा खडखडाट सोसावयाचा, पायथ्याचा थोडा चिखल सोसावयाचा, आणि रेड बँक्सच्या खालचे ते अडीच हजार फूट दाणेदार हिमावरून यावयाचे. चढावयास पाच-सहा तास लागलेली ती उंची काही मिनिटांत पायाखालून जाते. वळणावळणाला सुटलेले दाणे बाजूने सळसळत येतात. मिठाचे पोते फुटल्यावर होतो तसाच तो आवाज असावा, अशी आमची कल्पना आहे.

दुपारी पर्वत रिकामा होतो. घळीतून दगड गडगडू लागतात, आणि वितळलेले पाणी सच्छिद्र ज्वालामुखी खडकात मुरून खाली कोठेतरी झऱ्यांच्या रूपाने वर येते व सॅक्रामेंटो नदीची वाट धरते. अलीकडच्या दशकांत शास्तावरील हिमनद्या बऱ्याच आक्रसल्या आहेत, आणि कमी हिमाच्या वर्षी घळीतले खडक वसंतातच उघडे पडतात. मग मुहूर्ताचे दिवसच थोडे होतात. परंतु ज्या वर्षी हिम भरपूर असते त्या वर्षी संध्याकाळी हेलन लेकवर पुन्हा तंबू उभे राहतात, चहाचे आधण ठेवण्यासाठी हिमाचेच दाणे भांड्यात भरले जातात, आणि कोणीतरी मान वर करून ढग पांगताहेत का ते पाहत असतो.